हद्दीचा दगड नाल्यात

मी एक जुना हद्दीचा दगड आहे. एका अंगावर अमरावती, दुसऱ्या अंगावर अकोला, एवढंच माझं शिक्षण. तेव्हा मित्रांनो, बोलण्यात काही चुकलं तर सांभाळून घ्या.

पाथरवटानं मला घडवलं तेव्हा 'चांगला जडशीळ आहे' म्हणून सगळ्यांनी कौतुक केलं. मग बैलबंडीतून आणून या नाल्याच्या काठावर पुरलं. काम एकच, उभं राहणं. ते मी केलं. त्याचा कुणाला उपयोग झाला का, हे मला अजून सांगता येत नाही.

अकोल्याकडच्या गावात शाळा चौथीपर्यंतच. पुढची शाळा अमरावतीकडे, दोन कोसांवर. रोज सकाळी मुलं माझ्याजवळ येत, चपला हातात घेत आणि नाल्यात उतरत. पुढे असे बुधाजीची ललिता, दप्तर डोक्यावर. पाय ठेवायला मुलांनी पाण्यात धोंडे टाकले होते, पण मधला धोंडा प्रत्येक पुरात वाहून जाई.

रपटा, म्हणजे नाल्यावरचा ठेंगणा पूल, बांधून द्या, असं गावानं दोन्ही जिल्ह्यांना विनवलं. अमरावतीचे साहेब मला टेकून म्हणाले, "दगड अकोल्याच्या काठावर आहे. अकोल्याला विचारा." अकोल्याचे साहेबही मलाच टेकले. "अर्धा नाला आमचा. अर्धा रपटा कसा बांधायचा?" मला फार राग आला. पण दगडाचा राग कोण विचारतो?

गेल्या पोळ्याच्या सुमारास ललिता धारेत घसरली. मागच्या मुलानं वेणी धरून ओढली म्हणून वाचली. दप्तर गेलं. संध्याकाळी बुधाजी नाल्यावर आला.

"पोरगी वाऊन गेली असती त कोणता जिल्हा आणून देणार होता? बस झाली शाळा."

"सातवी होऊ द्या ना बाबा. मंग नाई म्हणत मी."

"मंग मास्तरीण होतो म्हणशीन."

तिची आई केशरबाई माझ्याकडे पाहत होती. "ह्या धोंड्याचं इथं काय काम हाय? उभा राऊन राऊन थकला असन. टाका याले मधात."

बुधाजी हसला, पण पहार घेऊन आला आणि मला उपटून मधल्या धोंड्याच्या जागी टाकलं.

मित्रांनो, पूर माझ्यावरून गेला आणि मी हललो नाही. मुलं माझ्यावर पाय देऊन जात. ललिता तर टाच आपटून पुढच्या धोंड्यावर उडी घेई. तिची शाळा सुरू राहिली.

उन्हाळ्यात मोजणीच्या साहेबांची जीप आली. "हद्दीचा दगड कुठे आहे?"

"नाल्यात हाय साहेब. पोट्टे त्याच्यावरून शाळेत जातेत."

"सरकारी दगड पायाखाली घालता?"

मला काढलं, धुतलं, चुना लावला. पुन्हा कुणी हलवू नये म्हणून बुडाशी सिमेंटचा ओटा केला. बुधाजीनं त्या ओट्यावर टाच आपटून पाहिली.

"सिमेट हाय म्हणा सरकारजवळ," तो म्हणाला आणि निघून गेला.

यंदा नाला भरला आहे आणि मधली जागा रिकामी आहे. काल ललिता माझ्यापर्यंत आली, पाण्याकडे पाहत उभी राहिली. मागून बापाची हाक आली, तशी वळली. आज ती आलीच नाही.

जुन्या वस्तूंची निगा राखा, असं तुम्हाला शिकवतात. ते बरोबरच असेल. पण मित्रांनो, माझी निगा राखू नका. हा ओटा फोडा. कुणी मोठं माणूस ओळखीचं असेल तर त्याला सांगा, पहार आण. शाळेनं पटावरून तिचं नाव काढायच्या आत आण.