मेट्रनबाईंचा सत्कार दारातच अडला

सत्काराच्या दिवशी नीलांबरीबाईंनी पांढऱ्या पातळाला एवढी खळ दिली होती, की बाई खुर्चीवर बसल्या तरी पातळ उभंच राहिलं. बाई राहुरीच्या दवाखान्याच्या मेट्रन. स्वराज्य आलं त्याच्या आदल्या साली विषमज्वराची मोठी साथ झाली, तेव्हा त्यांनी वॉर्ड सांभाळला म्हणून गावाने त्यांना हार घालायचं ठरवलं होतं. बाईंनी "छे, मला कशाला!" असं दोन-तीनदा म्हणून घेतलं, आणि लोक खरंच ऐकतील अशी भीती वाटल्यावर म्हणायचं बंद केलं.

सकाळपासून औषधांच्या कपाटाच्या काचेत बघून त्या नम्र चेहरा करून पाहत होत्या. जमत नव्हता. इतकी वर्षं नर्सांवर डाफरून भुवया ज्या वर चढल्या होत्या त्या खाली यायला तयार नव्हत्या. 'जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही,' त्या स्वतःला म्हणाल्या, 'निदान हार घालणाऱ्यावर तरी खेकसू नकोस, भवाने.'

खरं म्हणजे हाराचं एवढं काही नव्हतं. हार घेऊन येणाऱ्या मिरवणुकीबरोबर मिरजगावचा नृसिंहदादा येणार होता. विधवा बहीण नर्सिंग शिकायला पुण्याला निघाली, तेव्हा भिक्षुकाच्या घरची लेक परक्यांची घाणीची भांडी उचलणार म्हणून ह्या थोरल्या भावाने तिचं नाव टाकलं. त्यानंतर भाऊबीज नाही की सणाचं बोलावणं नाही. कोणी विचारलंच तर तो सांगे, मला बहीण नाही. आता सत्कार समितीच्या आप्पासाहेबांनी त्याला परस्पर आमंत्रण दिलं होतं आणि तो चक्क येतो म्हणाला होता. चार माणसं आपल्याला बरं म्हणतात हे दादाने एकदा कानांनी ऐकावं, म्हणून बाईंचा जीव टांगणीला लागला होता. वयाला शोभत नव्हतं हे त्यांनाही कळत होतं.

दुपारी वाजंत्री जवळ आली. बाईंनी वॉर्डातल्या टेबलापाशी पदर सावरला, चेहरा जमेल तेवढा नम्र केला, आणि दारातून रतनबाईचा आवाज आला.

"आधी ते वाजवनं बंद करा! मानसं निजल्यात आत."

रतनबाई वॉर्डातली आया. तिला दारावर बसवलं होतं ते बाईंनीच. साथीत एका आईने मायेपोटी लेकाला चोरून भाकरी खाऊ घातली, तापाने हळवं झालेलं आतडं फुटलं, आणि ताप उतरत आलेला तरणाताठा गडी हातचा गेला. बाई त्या दिवशी जेवल्या नाहीत. दुसऱ्या दिवसापासून नियम झाला, की चारच्या घंटेआधी बाहेरचं कोणी आत येणार नाही, मग कलेक्टर का असेना. पायताण बाहेर, आणि हात पोटॅशच्या लाल पाण्यात धुतल्याशिवाय खाटेजवळ जायचं नाही.

"अहो, मी आप्पासाहेब," बाहेरून आलं.

"वळखते की. तुमच्या सूनबाईंचं बाळंतपन हितंच झालं. चारला या."

"पण तुमच्याच बाईंचा सत्कार आहे!"

"मंग तर त्यास्नी लईच राग यील. नेम त्यांचाच हाय."

"सोड गं त्यांना," एवढंच बाईंनी म्हणायचं होतं. बाई उठल्या आणि पातळाचा करकर आवाज करत दारापर्यंत गेल्या. दोन्ही बाजूंना, कालपर्यंत तापात बरळणारी माणसं शांत झोपली होती. रतनबाईने मागे वळून पाहिलं. साथीत ती स्वतः तापाने पडली, तेव्हा तिच्या वाटची झाडलोट बाईंनी केली होती. झाडताना आपण एवढी कुरकुर केली की रोगी हसूनच बरे झाले, असं बाई सांगत. रतनबाई मात्र तेव्हापासून बाईंचा शब्द देवाचा मानत होती.

"बाई, येकालाबी सोडलं न्हाई बघा," ती हळूच म्हणाली.

आपलेच दात आणि आपलेच ओठ! बाईंनी तोंड उघडलं आणि त्यातून निघालं, "शाबास." घंटेआधी वॉर्ड सोडून बाहेर जायचं नाही हाही नेम त्यांचाच, तेव्हा त्या मागे फिरल्या.

आप्पासाहेब रागावले, पण भाषण पाठ केलेलं होतं, ते वाया कसं घालवणार? त्यांनी लिंबाखाली खुर्ची मांडली, खुर्चीलाच हार घातला, रतनबाई डोळे वटारून बघत होती म्हणून हलक्या आवाजात भाषण केलं, आणि मंडळी चहाला गेली. बाईंनी खिडकीतून सगळं पाहिलं. खुर्ची आपल्यापेक्षा पुष्कळ नम्र दिसते हे त्यांना कबूल करावं लागलं. दादा मात्र त्या गर्दीत कुठे दिसला नाही. गेला असणार. इतक्या वर्षांनी आलेला भाऊ आपल्याच शिस्तीने दारातून परतवून लावला, म्हणजे शहाणपणाची हद्द झाली! फार वाईट वाटलं त्यांना. थंड पाण्याची पट्टी घेऊन त्या एका रोग्याच्या उशाशी जाऊन बसल्या.

चारची घंटा झाली. व्हरांड्यात बसून राहिलेले नातेवाईक उठले आणि रतनबाईची रोजची विचारपूस सुरू झाली.

"तुमी कोनाचं?"

"छगनचा बाप."

"तुमी?"

"बनुबाईची जाऊ हाय मी."

"आन् तुमी, भटजीबुवा? दुपारधरनं बसलाय. कोनाचं तुमी?"

बाईंचा पट्टीवरचा हात थांबला.

"मी नीलूचा," दादाचा आवाज आला. मग त्याने घसा खाकरला आणि सगळ्या व्हरांड्याला ऐकू जाईल असं म्हणाला, "तुमच्या मेट्रनबाईंचा. सख्खा भाऊ आहे मी त्यांचा."

"मंग हात नीट धुवा," रतनबाई म्हणाली. "बाई नखं बघत्यात."

दादा अनवाणी आत आला. ओले हात त्याने शाळकरी पोरासारखे पुढे धरले होते. काचेसमोर घोटलेला नम्र चेहरा बाई पार विसरल्या. नखं तपासायला म्हणून त्यांनी त्याचे हात हातात घेतले, आणि मग सोडलेच नाहीत.