टेकडीसकट

मी एक जुना नमुना आहे. तुमच्याविषयी कोणी असे म्हटले तर तुम्हाला राग येईल, मित्रांनो. मला येत नाही, कारण मी खरोखरच नमुना आहे. एका जुन्या विद्यापीठाच्या शहराचा, लाकडात कोरलेला. माझ्या खालच्या अंगाला नदी आहे, नदीकाठी स्टेशन, मग महाविद्यालयांच्या अरुंद गल्ल्या, आणि सगळ्यांच्या वर, टेकडीवर, पदवीदानाचे प्राचीन सभागृह. घरे करंगळीच्या नखाएवढी आणि सभागृह काडेपेटीएवढे. एवढे सगळे शहर जेवणाच्या टेबलावर सहज मावते.

मला दोघा साडूंनी घडवले. थोरला सुतार होता आणि धाकटा जमीन मोजणारा. सुताराला मी देखणा व्हायला हवा होतो आणि मोजणीदाराला अचूक. बायका सख्ख्या बहिणी असल्यामुळे भांडण फार ताणता येत नव्हते, एवढेच. सगळ्यात मोठा वाद टेकडीवरून झाला.

"टेकडी जरा बसकी करू," सुतार म्हणाला. "न्यायच्या पेटीचं झाकण लागत नाही."

"मग झाकण उंच कर," मोजणीदार म्हणाला. "झाकण तुझ्या हातात आहे, टेकडी नाही."

सुतार पुढे किती तरी दिवस त्याच्याशी बोलला नाही. पण त्याने झाकण उंच केले, आणि मग बारीक पटाशी घेऊन स्टेशनाकडून सभागृहाकडे चढणारी प्रत्येक पायरी कोरली. रागाच्या भरात केलेले ते काम माझ्या अंगावरचे सगळ्यात सुबक काम ठरले.

आता माझा उपयोग काय, ते सांगतो. परिषद म्हणजे काय ते ठाऊक आहे ना? एकाच गोष्टीचा ध्यास घेतलेली माणसे दूरदूरून एका गावी जमतात, दोन-चार दिवस त्याच गोष्टीवर बोलतात, एकमेकांशी वाद घालतात आणि ताजीतवानी होऊन घरी जातात. ती आली की हॉटेलवाल्यापासून फुलवालीपर्यंत सगळ्यांचे बरे चालते. म्हणून प्रत्येक शहराला परिषदा हव्या असतात. आमच्या नगरपालिकेने आणि विद्यापीठाने मिळून एक छोटे कार्यालय उघडले. काम एकच: परिषदवाल्यांना गाठायचे आणि 'आमच्याकडे या' म्हणायचे.

त्या कार्यालयात ताई होत्या. पूर्वी त्या पर्यटकांना गाव फिरवून दाखवीत, त्यामुळे आवाज खणखणीत आणि चाल झपाझप. आणि होते मामा, गाडीचे चालक. ते तिथे कोणाचेच मामा नव्हते आणि म्हणून सगळ्यांचे मामा होते. परगावी प्रदर्शने भरत, तिथे प्रत्येक शहराचे एक दालन असे. मामा मला पेटीतून काढून टेबलावर ठेवीत आणि ताई माझ्या बाजूला उभ्या राहत. मग गंमत सुरू होई. माणूस कितीही घाईत असला तरी मला पाहून वाकतोच. वाकला की बोट पुढे करतो. बोट पुढे केले की काहीतरी विचारतो.

मला लोकांच्या प्रश्नांचे फार कुतूहल. पूल बांधणाऱ्यांनी माझ्याकडे पाहिले तर फक्त पुलाकडे पाहिले, बाकी शहर त्यांना दिसलेच नाही. मधमाश्यांवर अभ्यास करणाऱ्या एका बाईंनी विचारले, "बागा कुठे आहेत? आणि फुलतात कधी?" दंतवैद्यांना फक्त हॉटेल ते सभागृह हे अंतर हवे होते. एका म्हाताऱ्या इतिहासकाराने मात्र माझ्या गल्लीवर बोट ठेवले आणि म्हणाला, "इथे मी शिकत असताना राहायचो. खोली गळायची." मग तो बराच वेळ तिथेच उभा राहिला.

मला स्वतःलाही एक प्रश्न होता, आणि तो मी कोणाला विचारू शकत नव्हतो. मी शहराचा नमुना खरा, पण मी शहर पाहिलेच नव्हते. सुताराच्या खोलीतून पेटीत, पेटीतून गाडीत, गाडीतून परगावच्या दालनात. माझ्या अंगावर प्रत्येक गल्ली होती, पण गल्ली म्हणजे काय, ती कशी वाजते, तिला वास कसला येतो, मला कुठे माहीत? खरे शहर माझ्यासारखे आहे का?

पुष्कळ परिषदा आल्या. लोक माझे कौतुक करीत, फोटो काढीत. मग एके वर्षी कार्यालयाला नवे साहेब आले आणि त्यांच्यासोबत भिंतीएवढा पडदा आला. पडद्यावर आमचे शहर पाखरासारखे उडत बघता येई, मागे संगीत वाजे. ते सुंदर होते, खोटे कशाला बोलू? माझी रवानगी जिन्याखाली झाली. तिथे माझ्यावर वायरी आल्या, मग रिकामे खोके आले, आणि खोका सरकवताना माझे घंटाघर मोडले. मामांनी ते उचलून खिशात ठेवले आणि नंतर डिंकाने चिकटवले, जरा तिरपेच. बाकी दिवस मी जिन्यावरून जाणाऱ्यांचे बोलणे ऐकत काढले. त्यातूनच कळले की परिषदा कमी होत चालल्या आहेत. दुसऱ्या शहरांकडे आणखी मोठे पडदे होते. या वर्षी एखादी मोठी परिषद मिळाली नाही तर कार्यालय बंद करणार, असा वरून निरोप आला होता.

तेव्हाच ती समिती आली. अंधशाळांच्या शिक्षकांची मोठी परिषद भरायची होती, आणि जागा निवडायला दोघे जण आले होते: एक उंच सदस्य आणि अध्यक्षबाई. अध्यक्षबाई स्वतः जन्मापासून अंध. अंधशाळेत मुख्याध्यापिका होत्या आणि बोलण्यात भारी मिस्कील. साहेबांनी पडद्यावर शहराची चित्रफीत लावली. मला जिन्याखालून संगीत ऐकू येत होते. ते संपले.

"संगीत छान होतं," अध्यक्षबाई म्हणाल्या. "शहर कधी सुरू होणार?"

ताईंची पावले झपझप जिन्याकडे आली. त्यांनी आणि मामांनी खोके बाजूला केले, मला पुसले आणि टेबलावर नेऊन ठेवले. अध्यक्षबाईंनी काठी खुर्चीला टेकवली, बाह्या सरसावल्या आणि दोन्ही हात माझ्यावर ठेवले.

मित्रांनो, तोवर मला पुष्कळांनी पाहिले होते. पण वाचले कोणीच नव्हते. त्यांची बोटे नदीकाठाने गेली, पुलावर थबकली, गल्लीत शिरली. "हे काय वाकडं?" "घंटाघर. आमच्याकडून मोडलं होतं," मामा म्हणाले. "खरं सरळ आहे ना?" "खरं सरळ आहे." मग बोटे स्टेशनापासून वर निघाली आणि एकदम थांबली.

"हे करवतीचे दात कसले?"

साहेब चटकन म्हणाले, "तो जुना रस्ता आहे. फार सुंदर आहे. सभागृहाला चारशे वर्षांची परंपरा आहे."

अध्यक्षबाईंची बोटे हलली नाहीत. त्यांनी मान ताईंच्या आवाजाच्या दिशेने वळवली. ताईंनी साहेबांकडे पाहिले. साहेबांनी डोळ्यांनीच 'नको' म्हटले. ते वाईट नव्हते, बरे का. त्यांना आपल्या माणसांच्या नोकऱ्या टिकवायच्या होत्या.

"पायऱ्या आहेत," ताई म्हणाल्या. "सभागृहापर्यंत सगळ्या पायऱ्याच. दगडी, झिजलेल्या, मध्ये कठडा नाही. गाडी वर जाते, पण मागच्या बाजूने, लांबून, आणि आत शिरायला पुन्हा पायऱ्या. काठी घेऊन एकट्याने चढणं सोपं नाही. चाकाच्या खुर्चीला तर शक्यच नाही."

"बरं झालं सांगितलंत," अध्यक्षबाई म्हणाल्या. "चला, चढून बघू."

ते सगळे गेले आणि मी टेबलावर एकटा राहिलो. मला राहवत नव्हते. ते आता कुठे असतील? कठडा नसलेल्या त्या वळणावर? पुष्कळ वेळाने परत आले तेव्हा उंच सदस्य घामाघूम होते आणि अध्यक्षबाईंचे गुडघे दुखत होते, पण चेहरा खुललेला होता. त्यांनी चहा मागवला आणि पुन्हा माझ्यावर हात ठेवला.

"या नमुन्यात पुष्कळ राहून गेलंय," त्या म्हणाल्या. "इथे बेकरी आहे, तिचा वास पुढच्या वळणापर्यंत सोबत येतो. या कमानीखाली टाळी वाजवली की दोनदा ऐकू येते. ही भिंत उन्हाने तापलेली होती आणि समोरची गार, म्हणजे दक्षिण इकडे." मग त्यांचा तळवा खाली नदीकाठी आला, जिथे कोणाचे बोट सहसा येत नसे. "ही एवढी मोठी चपटी इमारत कसली? इथे तर सगळं सपाट आहे."

"विद्यापीठाचा जुना छापखाना," ताई म्हणाल्या. "बंद आहे. स्टेशनाला लागूनच आहे."

"दार रुंद आहे?"

"कागदाच्या गाड्या आत जायच्या."

अध्यक्षबाई 'हं' म्हणाल्या, एवढेच.

नंतर काही दिवसांनी फोन आला. परिषद दुसऱ्या शहराला मिळाली होती.

"झालं समाधान?" साहेब ताईंना म्हणाले. "घर दाखवताना कोणी आधी अडगळीची खोली दाखवतं का? खरं बोलून पदरात काय पडलं?"

"नकार पडला," ताई म्हणाल्या. "पण त्या इथे आल्या असत्या आणि पायऱ्यांवरून कोणी पडलं असतं, तर काय पडलं असतं पदरात?" मग म्हणाल्या, "फोन ठेवताना त्यांनी विचारलं, छापखाना कधी उघडताय?"

दुसऱ्या दिवशी साहेबांनीच कुलगुरूंची वेळ मागितली. छापखाना विद्यापीठाचा, म्हणजे विचारायचे कुलगुरूंना, आणि त्यांचे कार्यालय टेकडीवर, सभागृहाशेजारी. मागचा रस्ता नेमका दुरुस्तीसाठी खोदलेला होता. तेव्हा मामांनी आणि साहेबांनी मला पेटीशिवायच उचलले आणि पायऱ्यांनी वर निघाले. ताई पुढे चालल्या.

अशा रीतीने, मित्रांनो, मी पहिल्यांदा माझे शहर पाहिले. मी कसे सांगू? मी खोटा नव्हतो, पण किती अपुरा होतो! खिडक्यांतून कपडे वाळत होते. कोणीतरी व्हायोलिनवर एकच ओळ पुन्हा पुन्हा वाजवून चुकत होते. एक मांजर तिसऱ्या मजल्याच्या कठड्यावर झोपले होते. बेकरीचा वास खरोखरच वळणापर्यंत आला. लाकडाला असले काही कोरता येत नाही.

"मामा, अजून किती?" साहेब धापा टाकत म्हणाले.

"साहेब, आत्ता तर अर्धं झालंय. टेकवू का जरा?"

त्यांनी मला एका पायरीवर टेकवले. साहेब बाजूला बसले, घाम पुसला आणि खाली पाहिले. बराच वेळ पाहिले. "मी इथून कधी चढलोच नाही," ते म्हणाले. "मला नेहमी गाडीने मागून नेतात."

कुलगुरूंनी दारातच विचारले, "अहो, तुम्हाला एवढी धाप का लागली आहे?"

"सर, आम्ही पाहुण्यांच्या वाटेने आलो," साहेब म्हणाले, आणि मग त्या दिवशी ताईंना फारसे बोलावेच लागले नाही. साहेबांनी माझ्या अंगावर बोट ठेवून स्टेशन दाखवले, छापखाना दाखवला, मधली सपाट जमीन दाखवली. कुलगुरू लगेच हो म्हणाले नाहीत. इमारत जुनी, छत गळके, समित्या अनेक. फेऱ्या घालाव्या लागल्या, आणि दर फेरीला मला वर न्यावे लागले. साहेबांची तब्येत त्यात सुधारली, असे मामा म्हणतात.

अखेर छापखाना उघडला. छत नवे झाले, उंबरे काढले, धरून चालायला भिंतीला दांडे लावले. छापखान्याचे काम हाती असल्यामुळे कार्यालय बंद झाले नाही, त्याच इमारतीत आले. आणि अंधशाळांच्या शिक्षकांची पुढची परिषद आमच्याकडे भरली. पहिल्या सकाळी अध्यक्षबाईच पुढे होत्या. त्यांनी दाराची चौकट दोन्ही हातांनी चाचपली आणि म्हणाल्या, "रुंद आहे." त्यांच्या मागून माणसेच माणसे आली.

आता मी तिथेच दाराशी असतो. काच नाही, झाकण नाही. रोज किती तरी हात माझ्यावरून फिरतात. कडा गोल झाल्या आहेत, पायऱ्या बोथट होत चालल्या आहेत. काही जण ताईंना सांगतात, याला काचेत ठेवा, झिजेल. मला विचाराल तर मला झिजायला आवडते. जिन्याखाली मी मुळीच झिजलो नाही आणि कोणाच्या उपयोगीही पडलो नाही. जुन्या वस्तूची काळजी घेणे म्हणजे तिला नुसते झाकून ठेवणे नव्हे. हात स्वच्छ ठेवा, तुटले ते जोडा, आणि वापरा.

आणि आणखी एक. परवा एक पाहुणे पुलावरून बोट नेत नेत माझ्या काठापर्यंत आले. बोट काठावरून पुढे गेले आणि हवेत राहिले. "याच्यापुढे काय आहे?" त्यांनी विचारले.

"वस्ती आहे," ताई म्हणाल्या. "शाळा आहे, नवं रुग्णालय आहे. हा नमुना केला तेव्हा तिथे शेतं होती."

मित्रांनो, तुमच्यापैकी कोणाला लाकूड तासता येत असेल, किंवा शिकायचे असेल, तर मला एक फळी जोडा. तिकडे काय आहे, ते मलाही पाहायचे आहे.