पान्ह्याची क्रियापदं

चिमणाबाईंची म्हैस स्पॅनिश ऐकल्याशिवाय पान्हा सोडत नव्हती. हसायचं त्यानं हसून घ्यावं. मंगळवार पेठ दीड वर्षं हसतच होती.

झालं होतं असं. चिमणाबाईंचं मनगट मोडलं आणि धार काढायचं काम सुनेवर, संयोगितावर आलं. ती बी.कॉम. शिरोलीच्या एका कारखान्याचा माल मेक्सिकोला जायचा. तिकडच्यांशी त्यांच्या भाषेत बोलणारं माणूस कारखान्याला हवं होतं. प्रमाणपत्र आणा, नोकरी घ्या, म्हणाले. सुनेला क्लासला पुण्याला कोण पाठवतंय? मोबाइलवर शिकली. अभ्यासाला वेळ मिळायचा तो म्हशीखाली बसल्यावरच.

सगळ्यात छळलं तिला ‘असतं तर’च्या धड्यानं. त्यातही नियम न पाळणाऱ्या आडमुठ्या क्रियापदांनी. शेवटी तिनं त्यांची मान पकडली. भूतकाळातलं अनेकवचनी ‘ते’चं रूप घ्यायचं, शेपटीचं ‘रोन’ तोडायचं, ‘रा’ जोडायचा. मूळ शब्द कितीही वाकडा असो, ‘ते’चं रूप पाठ असलं की पुढं चुकत नाही. मग डाव्या हाताला तुबिएरोन, उजव्या हाताला तुबिएरा. दिखेरोन, दिखेरा. फुएरोन, फुएरा. चरवी भरेस्तोवर तीस क्रियापदं दोनदा व्हायची.

चिमणाबाईंनी उभ्या जन्मात इतकी चिवट पोरगी पाहिली नव्हती. पगारी मास्तरांना पट्ट्या मारून जे जमत नाही, ते हिनं शेणात पाय रोवून स्वतःच स्वतःला शिकवलं.

मे महिन्यात तोंडी परीक्षा झाली, लॅपटॉपवर. ऐन परीक्षेत म्हैस हंबरली, ही उठून माडीवरनं खाली धावली आणि नापास झाली. आता दुसरी खेप, मंगळवारी संध्याकाळी पाचला. धारेचीही वेळ तीच. कारखानेवाले याहून जास्त थांबणार नव्हते.

“आत्याबाई, जमंल न्हवं?” संयोगितानं सासूला विचारलं.

“मनगट कवाच जुळलंय. तुझ्या आधी तीस वर्षं म्हशीच पिळल्यात मी. वर जा. घर पेटलं तरी उतरू नगंस.”

घराखालीच दूधकट्टा, गिऱ्हाइकासमोर धार काढून दूध द्यायची जागा. तालमीतली पोरं धारोष्ण दुधासाठी ग्लास घेऊन उभी होती. त्यांच्यात शेजारचे म्हातारे हंबीरराव, रोजचं गिऱ्हाईक.

“काय वैनी, मास्तरीण कुठं हाय आज?”

चिमणाबाईंनी कासेला हात लावला. म्हशीनं पान्हा चोरला. पुन्हा लावला, तर लाथेनं चरवी उडवली आणि मान वर करून हंबरली. वर माडीवर खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

चिमणाबाईंनी वर पाहिलं. आता ही उतरली की संपलं. त्यांनी डोळे मिटले आणि तोंड उघडलं.

“तुबिएरोन... तुबिएरा.”

पोरं खो खो हसली.

“दात काय काढताय रं? दहावीला तीनदा बसल्यालं तोंड घेऊन हसताय व्हय?” मग परत कासेकडं वळून, “दिखेरोन, दिखेरा. फुएरोन, फुएरा.”

म्हशीचे कान हलले. पाठ सैल पडली. चर्र, चर्र. दीड वर्षं ओट्यावर बसून ऐकलेलं सगळं बाईंच्या जिभेवर आपसूक येत होतं. विसाव्या-बाविसाव्या शब्दापाशी गाडी अडली.

“त्राखेरोन... त्राखेरोन...”

धार आटली. म्हशीनं खूर आपटला.

“त्राखेरा!” हंबीरराव ओरडले.

सगळे त्यांच्याकडं बघायला लागले.

“बघताय काय? रोज ऐकतोय की! कान झाकून दूध पितोय व्हय मी?”

मग पोरांनाही कंठ फुटला. चिमणाबाई ‘रोन’ म्हणायच्या, कट्टा ‘रा’ म्हणायचा, तेही तालमीत जोर काढताना ओरडावं तसं.

एवढ्यात वरची खिडकी धाडकन उघडली. पांढऱ्याफटक तोंडाच्या संयोगितानं लॅपटॉप बाहेर धरला, पडदा खाली म्हशीकडं करून. क्षणभर तसाच धरला. खिडकी बंद झाली.

“वैनी, घोळ झाला,” हंबीरराव पुटपुटले.

चिमणाबाईंनी धार थांबवली नाही. थांबवली असती तर म्हैस ओरडली असती.

अर्ध्या तासानं संयोगिता खाली आली.

“परीक्षक बाई म्हणाल्या, खिडकीतनं कोण उत्तरं सांगतंय? परीक्षा बंद करते. मी म्हटलं, सासूबाई म्हशीची धार काढायल्यात. त्यास्नी खोटं वाटलं. म्हणून दाखवलं.”

“मग?”

“मग कागदावरचे प्रश्न ठेवले बाजूला. म्हणाल्या, ही म्हैस नसती तर तुमचं आयुष्य कसं असतं, सांगा. वीस मिनिटं बोलले, आत्याबाई. एकदाबी अडकले न्हाई.”

“पास केलं का?”

“निकाल महिन्यानं.”

“नापास करू दे तर,” हंबीरराव म्हणाले, “अख्खी पेठ मेक्सिकोला नेतो!”

चिमणाबाई हसल्या नाहीत. मग शेजारच्या पैलवानाच्या हातातला भरलेला ग्लास त्यांनी सरळ काढून घेतला.

“ओ, माझा नंबर हाय!”

“गप. आधी हिला,” म्हणत त्यांनी तो सुनेच्या हातात दिला.