अंगठीचा ओरखडा

थोरली जाऊ फुग्यांच्या कारखान्यात अठरा वर्षं प्लास्टिकच्या पट्ट्या जोडत होती. फुगा म्हणजे वाढदिवसाचा नव्हे हो! अख्खं मैदान झाकेल एवढा, आणि कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ. तो ढगांच्या कितीतरी वर जायचा आणि त्याला टांगलेलं यंत्र अंतराळातून येणारे विश्वकिरण टिपायचं. यंदाचं यंत्र कुणाचं? धाकट्या जावेचं. सासूबाई येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायच्या, "आमची धाकटी विश्वकिरण पकडते. थोरली? ती चिकटवाचिकटवी करते." थोरलीचा नुसता जळफळाट व्हायचा.

त्यात सासूबाईंनी आपली खड्याची अंगठी धाकटीला दिली. तीच घालून धाकट्या बाईसाहेब फुगा बघायला आल्या. आत शिरताना अंगठ्या काढायच्या, सुती हातमोजे चढवायचे, हा कारखान्याचा पहिला नियम. धाकटी हरखून विसरली. "ताई, किती मऊ आहे हो!" म्हणत तिने फुग्यावरून हात फिरवला आणि यंत्राकडे निघून गेली.

थोरलीला ओरखडा दिसला. बोटभर लांब, केसाएवढा. वर गेल्यावर फुगा तिथूनच फाटणार आणि पाच वर्षं खपून केलेलं यंत्र दाणकन खाली येणार. येऊ दे! जिरेल एकदाची. माणसं फुग्याच्या घड्या घालू लागली. एक घडी झाली, दुसरी झाली.

मग तिच्या मनात आलं, उद्या लोक विचारतील, फुगा जोडला कुणी?

"थांबा!" ती ओरडली. "यंत्र गेलं खड्ड्यात, माझा फुगा फुटता कामा नये!"

घड्या उलगडून तिने ओरखड्यावर पट्टी बसवली. मग धाकटीला बोलावून पट्टी दाखवली आणि तिच्या अंगठीकडे बोट केलं. धाकटी पांढरीफटक पडली.

"घरी नाही हं सांगणार मी," थोरली गोड आवाजात म्हणाली. मनातून तिला उकळ्या फुटत होत्या. धाकटीची शेंडी आता तिच्या हातात होती.

फुगा चढला, दहा दिवस तरंगला, यंत्र अलगद उतरलं. जेवताना सासूबाईंनी धाकटीचं कौतुक सुरू केलं. थोरली अंगठीकडे बघून हळूच खाकरली.

धाकटीने हातातला घास खाली ठेवला. "आई, अंगठी घालून मीच ओरखडा पाडला होता. ताईंनी बघितला म्हणून, नाहीतर यंत्राचा चुरा झाला असता." आणि ती रडायलाच लागली.

थोरली सावरून बसली. अठरा वर्षांत आज कुठे सासूबाई तिच्याकडे वळणार होत्या.

सासूबाईंनी डोळे पुसले आणि धाकटीला जवळ घेतलं. "बघितलंस, थोरले? चूक कबूल करायलासुद्धा केवढं मोठं मन लागतं!"

थोरलीने भाजीचं भांडं उचललं. एवढं एक गुपित होतं तिच्यापाशी, तेही धाकटीनेच सांगून टाकलं.