शेवटचं गिऱ्हाईक

कंपायलर म्हणजे माणसाने लिहिलेला प्रोग्राम यंत्राच्या गळी उतरवणारा प्रोग्राम. कंपनीचा कंपायलर कुठल्याही यंत्रावर चालतो, असं माहितीपत्रकात छापलं होतं. त्यातल्या ‘कुठल्याही’चा सगळा भार एका माणसावर होता. जगाने कधीच टाकून दिलेल्या एका जुन्या यंत्राचं काम तो एकटा सांभाळी. ऑफिसात त्याला पुरातत्त्व खातं म्हणत. बिनखिडकीच्या खोलीत तो आणि ते यंत्र समोरासमोर बसत. दोघांत यंत्र जास्त बोलकं, कारण त्याला पंखा होता.

बायकोची दुसऱ्या शहरात बदली झाली होती. तिथे कंपनीची शाखा होती, रिकामं टेबलही होतं. पण साहेबांचं म्हणणं, त्या यंत्राचं शेवटचं गिऱ्हाईक आहे तोवर तुम्हाला हलता येणार नाही. बायको फोनवर आधी सवतीची तब्येत विचारी, मग त्याची.

शेवटी त्याने त्या गिऱ्हाइकालाच फोन लावला. भिंगं घासण्याचा कारखाना. यंत्र सांभाळणाऱ्या बाईंना त्याने आडून आडून विचारलं, नवं घ्यायचा काही विचार?

“अहो, दरवर्षी मालकांच्या मागे लागते,” बाई म्हणाल्या. “ते म्हणतात, ती मंडळी अजून सांभाळतायत ना, मग कशाला? तुम्हीच का नाही बंद करत?”

“तुम्ही वापरता म्हणून.”

“घ्या,” बाई म्हणाल्या.

मग दोघांचं ठरलं. कंपायलरच्या पुढच्या आवृत्तीत त्याने काहीतरी नीट मोडायचं, आणि बाईंनी मालकांपुढे बोंब मारायची.

त्याने भागाकारात एक चूक पेरली. अशा कोपऱ्यात, जिथे त्याच्याशिवाय कोणी डोकावणार नाही. पण कंपायलर तपासणाऱ्या चाचण्याही त्यानेच लिहिल्या होत्या, आणि एकही कोपरा सोडला नव्हता. चाचणीने चूक पकडली, पडदा लाल झाला. चाचणी पुसून टाकता आली असती. पण कंपायलर बिघडवणं एक वेळ ठीक, चाचणी पुसणं म्हणजे लबाडी, असं त्याचं मत पडलं. तो लाल ओळ वाचत बसला. चूक कुठे आहे ते फार स्वच्छ शब्दांत सांगितलं होतं. असा लाल पडदा त्याने आजवर कधी तसाच ठेवला नव्हता. हात आपोआप कळफलकावर गेले. चूक काढताना लक्षात आलं की तिथलं जुनं कामच जरा आडवळणाचं आहे. तेही त्याने सरळ केलं.

नवी आवृत्ती कारखान्यात गेली. बाईंचा फोन आला. तो माफी मागायला लागला, पण त्यांनी बोलूच दिलं नाही.

“पहिल्यापेक्षा भरभर चालतंय,” त्या म्हणाल्या. आवाजात जीव नव्हता. “मालक खूश आहेत. भंगारात असलंच आणखी एक सापडलंय, ते घेतायत.”

“कुठलं मॉडेल?” त्याने विचारलं, आणि तो पेन शोधू लागला.