कांताबाईंचं नाक

"काकू, पाहा बरं, येते का अजून?"

नागेशने चालवून तापवलेला कॉम्प्युटरचा डबा दोन्ही हातांनी उचलून कांताबाईंच्या नाकापाशी धरला. कांताबाईंनी पोह्यांवरच्या तर्रीच्या गंजावर झाकण ठेवलं, पदराने नाक पुसलं, डब्याच्या मागच्या जाळीशी वाकून लांब श्वास घेतला आणि मान किंचित मागे नेली.

"येते," त्या म्हणाल्या. "कालच्यापेक्षा कमी आहे, पण येते. वकील साहेब आतच बसून आहे अजून."

मान मागे गेली तेव्हाच नागेशला उत्तर मिळालं होतं. वास असला की कांताबाईंची मान आधी मागे जायची, मग तोंड उघडायचं. नसला तर त्या पुन्हा एकदा हुंगून बघायच्या. इतक्या वर्षांत त्याने हे नाक पाठ केलं होतं.

बोरगाव मेघेत रस्त्याला लागून नागेश मडावीची एक खोली होती. तिथे तो जुने कॉम्प्युटर दुरुस्त करून विकायचा आणि मागच्या खोलीत राहायचा. दारासमोर कांताबाईंची पोह्यांची गाडी. दुरुस्तीवाल्याला डोळे आणि हात पुरतात असं लोकांना वाटतं, पण आत काही करपलं तर ते आधी नाकाला कळतं. नागेशचं नाक कोरोनाने नेलं ते परत दिलंच नाही. तेव्हापासून तो कांताबाईंच्या नाकावर धंदा करत होता, आणि कांताबाई त्याबदल्यात त्याला हक्काने चार गोष्टी सुनावत होत्या.

आताचा डबा सेलूच्या एका म्हाताऱ्या वकिलाचा होता. वकील वारले, मुलाने ऑफिस रिकामं केलं, नागेशने कॉम्प्युटर आणला आणि महिनाभराने पुसूनबिसून सिंदी मेघेच्या धर्मेंद्रला विकला. नेमक्या त्याच आठवड्यात कांताबाई हिंगणघाटला लग्नाला गेल्या होत्या. धर्मेंद्रची मुलगी काजल, तिला दमा. दोन दिवसांत धर्मेंद्र डबा स्कूटरवर ठेवून परत आला.

"नागेशभाऊ, थंडा असते तवा काईच नाई," तो म्हणाला होता. "गरम झाला का घरभर सिगरेट. पोरीले पंप द्या लागला. तुमाले वास नाई आला का?"

नागेशला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "मले वास येतच नाई, भाऊ," तो म्हणाला. "पण काढून देतो. सारा काढतो."

तेव्हापासून तो त्या डब्याच्या मागे लागला होता. आतल्या पंख्याच्या पात्यांवर तपकिरी, चिकट थर बसला होता, काकवी सांडून वाळावी तसा. ब्लोअरने तो हलेना. मग स्पिरिट, कापूस आणि जुना टूथब्रश. कापसाचा बोळा एकदा फिरवला की चहात बुडवल्यासारखा दिसायचा. पंखे बदलले, आतला पॉवर सप्लाय बदलला, रिकामा पत्रा साबणाने धुऊन उन्हात वाळवला. कीबोर्डची बटणं एकेक करून घासली, तेव्हा धुरासोबत त्यांच्यावरची अक्षरंही निघून गेली. वकिलाने कडेला शाईने कोणाचा तरी फोन नंबर लिहून ठेवला होता, तोही गेला. स्पिरिटला निवडता येत नाही. काय ठेवायचं आणि काय न्यायचं हे त्याला कोण सांगणार?

"अजून एक हात मारतो," नागेश म्हणाला. "संध्याकाळी अजून एकडाव पाहा."

"पाहतो न. पण आजच काय ते पाहून घे बापा," कांताबाई म्हणाल्या. "उद्या सकाळच्या गाडीनं रोशन मले हैदराबादले नेते. मंग तुले दुसरं नाक शोधा लागन."

हे काही नागेशला नवं नव्हतं. रोशनला, म्हणजे कांताबाईंच्या मुलाला, तिकडे नोकरी लागल्यापासून हे ठरलेलं होतं. पोह्यांची गाडीही दुसऱ्याच्या नावाने बोलली गेली होती. तरी 'उद्या' हा शब्द ऐकला आणि त्याचा हात थांबला. त्याने डबा खाली ठेवला.

"काकू, आत येता का जरा? एक पाह्याचं आहे तुमच्यानं."

"अजून डबा?"

"डबा नोहे."

कामाच्या टेबलाखाली एक पत्र्याची पेटी होती. तिच्यावर रचलेले दोन कॉम्प्युटर नागेशने बाजूला केले आणि पेटी ओढून काढली. आत प्लास्टिकच्या पिशवीत एक नारिंगी फुलांची साडी होती. कांताबाईंनी ती लगेच ओळखली. जिजाची साडी. जिजा, नागेशची बायको.

दोघंही एकाच आठवड्यात आजारी पडले होते. नागेश परत आला, जिजा आली नाही. दवाखान्यात नेताना घाईत तिने ही साडी बदलली होती. नंतर नातेवाइकांनी भीतीपोटी तिचे सगळे कपडे उकळत्या पाण्यात घातले. ही तेवढी खाटेखाली राहून गेली. नागेशला ती सापडली तेव्हा त्याने तिच्यात तोंड खुपसलं होतं आणि काहीच आलं नव्हतं. डॉक्टर म्हणाले, नाक येईल परत, कोणाचं लवकर येतं, कोणाचं उशिरा. म्हणून त्याने साडी न धुता पेटीत ठेवली. नाक आलं की एकदा, फक्त एकदा, तिला भेटायचं होतं. वर्षातून एका दिवशी, जिजा गेली त्या दिवशी, तो पेटी उघडायचा, साडी हुंगायचा आणि घाईने बंद करायचा, उगाच वास उडून जाऊ नये म्हणून.

जिजाचा चेहरा फोटोत होता. आवाज मोबाईलमध्ये होता. वास तेवढा या साडीत होता, आणि तो अजून आहे की गेला हे समजायला नागेशकडे काही नव्हतं. कांताबाईंना मात्र ते समजलं असतं. रोज दुपारी जिजा त्यांच्या मांडीला मांडी लावून लसूण सोलत बसायची. त्यांनी तिची वेणी घातली होती, तापात तिचं डोकं दाबलं होतं.

"खरं सांगा काकू," नागेश म्हणाला. "डब्याचं सांगता तसं."

कांताबाईंनी साडी दोन्ही हातांत घेतली. खाली वाकून लांब श्वास घेतला.

मान किंचित मागे गेली.

"नागेश, हे पेटी तू इथंच ठेवतं का रे?" त्यांच्या तोंडून निघून गेलं. "या डब्याइच्या खाली?"

नागेशने पेटीकडे पाहिलं. तिचं झाकण एका बाजूने वाकलेलं होतं, नीट बसत नव्हतं. वकिलाचा कॉम्प्युटर महिनाभर तिच्यावरच होता. त्याच्या आधी एका लॉजचे होते, त्याच्या आधी कोणाच्या ऑफिसातले. सगळे धुराने माखलेले. हे तो रोज डोळ्यांनी बघत होता. नाक असतं तर पहिल्याच दिवशी त्याने पेटी उचलून आत नेली असती.

आणि जिजाला धूर सहन होत नव्हता. गावावरून तिचे सासरे तानबा यायचे, तर विडी हातात दिसली की ती म्हणायची, "मामाजी, बाहीर." म्हातारा गुमान रस्त्यावर जाऊन उभा राहायचा.

कांताबाईंनी पुन्हा साडीत तोंड घातलं. या वेळी खूप वेळ घातलं. वर पाहिलं तेव्हा त्यांचे डोळे भरलेले होते.

"येते," त्या म्हणाल्या. "जिजाचाच आहे. खोबऱ्याच्या तेलाचा, लसणाचा. तिचा तिचाच."

"हो न?"

"हो."

कांताबाई त्याच्याशी आयुष्यात पहिल्यांदा खोटं बोलल्या होत्या. नागेशला ते कळलं, आणि त्याला कळलं हे कांताबाईंनाही कळलं. त्याला ओरडून रडावंसं वाटत होतं. पण समोर म्हातारी उभी होती, उद्या तिला गाडी पकडायची होती. त्याने साडी हातात घेतली.

"पेटी आत ठेवजो," जाता जाता दारातून कांताबाई म्हणाल्या. "अन् धुजो नको तिले."

संध्याकाळी धर्मेंद्र काजलला घेऊन आला. तासभर कॉम्प्युटर चालू ठेवला. डबा चांगला तापल्यावर कांताबाईंनी हुंगला, पुन्हा एकदा हुंगला आणि "गेले वकील साहेब" असं जाहीर केलं. काजलनेही नाक लावून पाहिलं.

"काईच नाई येत, पप्पा."

धर्मेंद्र खूश झाला. "कसा काढला, भाऊ?"

"निघते," नागेश म्हणाला. "घासा लागते. पण मंग जे असन ते सारंच निघते."

धर्मेंद्र हसला, डबा स्कूटरवर ठेवला आणि काजलला मागे बसवून निघून गेला.

नागेशने पेटी उचलून मागच्या खोलीत नेली. चुलीपासून दूर, उंच फळीवर तिच्यासाठी जागा केली. धूर कसा काढायचा हे त्याच्याइतकं वर्ध्यात फार थोड्यांना माहीत असेल. एका धुण्यात साडी लख्ख झाली असती. त्या धुराखाली जिजा कुठेतरी असलीच, तर तीही पाण्यासोबत वाहून गेली असती.

त्याने साडी एकदा बाहेर काढली, तिच्यात तोंड खुपसलं आणि छाती भरून श्वास घेतला. नेहमीसारखं काहीच आलं नाही, जिजाही नाही आणि धूरही नाही. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्याला वाटलं, आता नाक परत नाही आलं तरी चालेल.