पुन्हा-या साहेबांच्या हृदयाची तपासणी

आठाच्या आकाराच्या वाटेवर साहेब झपाझप चालत होते आणि कडेला गाड्या घेऊन उभे असलेले उमेदवार तोंडात बोटं घालून बघत होते. गाडी चालवण्याचा परवाना हवा असेल तर याच वाटेवर आठ काढून दाखवावा लागे, आणि तो बघायला साहेब शेजारी खुर्ची टाकून बसत. आज खुर्ची रिकामी होती आणि साहेब स्वतःच आठ काढत होते, तेही पायी.

बहुतेक उमेदवारांना ते 'पुन्हा या' एवढंच म्हणून घरी पाठवत, त्यामुळे त्यांच्या पाठीमागे त्यांचं नाव पुन्हा-या साहेब असं पडलं होतं. मध्यंतरी एका बाईने गाडी इतकी सुरेख चालवली की तिला पास करण्यावाचून गत्यंतर उरलं नाही, आणि नेमकी तेव्हाच साहेबांच्या छातीत कळ आली. कचेरीत यावर बरंच हसून झालं. डॉक्टर मात्र हसले नाहीत. त्यांनी तपासणी लिहून दिली. आधी शिरेतून अणूचं औषध टोचायचं, हृदयाचे फोटो काढायचे, मग सरकत्या पट्ट्यावर दमेपर्यंत चालवायचं आणि पुन्हा फोटो काढायचे.

परीक्षा म्हटली की पास-नापास आलंच, हे साहेबांच्या अंगात भिनलेलं. तपासणी उद्या, म्हणून आज सराव. खरं सांगायचं तर ते घाबरले होते. आपण पट्ट्यावर कोसळू, कुणीतरी शांतपणे शेरा लिहील आणि आपल्याला 'पुन्हा या' म्हणायचीसुद्धा सोय उरणार नाही, ही ती भीती. बायकोपाशी तिचा उच्चार करायची त्यांची तयारी नव्हती. म्हणून ते अंधार पडेपर्यंत आठ काढत राहिले.

सकाळी पलंगावरून पाय खाली टाकला आणि पोटऱ्यांनी ठणाणा केला. तपासणीसाठी कालपासून चहा बंद होता, त्यामुळे डोकंही ठणकत होतं.

"अहो, असे बदकासारखे काय चालताय?" बायकोने विचारलं.

"चपलेत खडा गेलाय."

बायकोने त्यांच्या पायांकडे पाहिलं. साहेब अनवाणी होते.

तपासणीसाठी मुलगी सासरहून मुद्दाम आली होती. दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर पोचेपर्यंत तिने बापाचं कोपर सोडलं नाही. "बाबा, घाबरू नकोस," असं ती इतक्या वेळा म्हणाली की साहेबांना जास्तच घाबरायला झालं. आत तपासणी करणाऱ्या बाईंनी सुई टोचली.

"यात नापास झालं तर परत कधी बसता येतं?" साहेबांनी विचारलं.

"यात नापास होत नाही कुणी, काका."

"असं कसं?" साहेब म्हणाले. ज्या परीक्षेत कुणी नापास होत नाही, त्या परीक्षेवर त्यांचा विश्वासच नव्हता.

यंत्राखाली निजवून फोटो काढून झाले आणि साहेब बाहेर आले. मुलगी व्हरांड्याच्या पार टोकाला उभी होती. साहेब तिच्याकडे निघाले, तशी ती मागे सरकली. त्यांनी हात हलवला. तिनेही हलवला, आणि मग ओढणीने डोळे पुसले.

"ती तिकडे का जाऊन उभी राहिलीय?" त्यांनी बायकोला विचारलं.

"तिकडे पंखा आहे."

पंखा साहेबांच्या डोक्यावर गरगरत होता. फोटोत काहीतरी दिसलं होतं, सगळ्यांना सांगून झालं होतं, आणि आता पोरीला बापासमोर उभं राहवत नव्हतं. याचा दुसरा अर्थ तरी काय काढायचा?

ते पट्ट्यावर चढले ते अशा मनाने. पट्टा सुरू झाला आणि चार पावलांतच ते दांडीला लोंबकळले.

"छातीत दुखतंय?" बाईंनी घाईने पट्टा थांबवला.

"पोटऱ्यांत."

"कधीपासून?"

साहेबांना सरावाचं सांगावं लागलं. बाईंनी डॉक्टरांना बोलावलं, मग तेच त्यांनाही सांगावं लागलं. डॉक्टर बराच वेळ मान खाली घालून खोकले.

"अभ्यास करून आलेले तुम्ही पहिलेच," ते म्हणाले. "झोपा आता. औषधाने हृदयाला पळवू, पाय राहू देत."

औषध चढलं तशी छाती धाडधाड उडायला लागली. साहेबांनी डोळे मिटून घेतले. पोर लहान असताना घाबरली की बापाच्या कुशीत शिरायची, आणि आज ती व्हरांड्याच्या टोकाला होती. याचंच त्यांना हृदयापेक्षा जास्त वाईट वाटलं. हळूहळू धडधड निवली. पुन्हा फोटो झाले.

"रिपोर्ट उद्या मिळेल," बाई म्हणाल्या. "पाणी भरपूर प्या. अंगातल्या औषधाचे किरण बाहेर पडतात, म्हणून आजचा दिवस लहान मुलांना मांडीवर घेऊ नका. गरोदर बाईपासूनही लांबच रहा. तुमच्या माणसांना मघाशीच सांगितलंय मी."

"आमच्याकडे तसं कुणी नाही," साहेब म्हणाले. मग सदऱ्याचं बटण लावता लावता त्यांचा हात थांबला.

बाहेर बायको उभी होती. तिने एकदाच त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं.

"तपासणी झाल्यावर सांगणार होती," ती हळूच म्हणाली. "आनंदाने भलतंच काही व्हायला नको म्हणून."

पलीकडे मुलीने लिफ्टचं दार उघडून धरलं होतं.

"बाबा, तुम्ही दोघं या लिफ्टने. मी जिन्याने उतरते," ती तिथूनच म्हणाली.

"वेडी का काय तू," साहेब म्हणाले. "तू आईला घेऊन जा. जिन्याने मी येतो."

"अहो, पण पोटऱ्या?"

"पोटऱ्यांना काय धाड भरलीय."

दार बंद झाल्यावर ते कठडा धरून उतरायला लागले. दर पायरीला तोंडातून 'आई गं' निघत होतं. मधल्या मजल्यावर लादी पुसणाऱ्या बाईने हात थांबवून त्यांना वाट करून दिली.

"आजोबा, लिफ्ट आहे की पलीकडे."

साहेब जागच्या जागी उभे राहिले.

"काय म्हणालात?"

"लिफ्ट आहे म्हटलं."

"ते नव्हे. त्याच्या आधी."